कैफाचें मोजमाप : इ. स. १८९२ सालचीं दोन साधनें

जुनें दफ्तर चाळतांना एखाद्या किल्लेदाराविषयीं, कारकुनाविषयीं, क्वचित् गादीवरील पुरुषाविषयींहि, तो कैफी आहे, सदा अंमलांत असतो, कामाचा राहिला नाहीं, अशा अर्थाचा मजकूर दृष्टीस पडतो. अशा स्थळीं साक्षेपी संशोधक थांबून दोन प्रश्न विचारतो. हें लिहिणारा कोण, आणि त्याला हें कळलें कसें? लिहिणारा प्रतिपक्षाचा वकील असेल तर त्या शेऱ्याची किंमत एक, पदरचा वैद्य असेल तर दुसरी. परंतु वैद्य झाला तरी त्यानें पाहिलें काय? डोळे तांबारलेले, जीभ जड, पाऊल वांकडें पडतें, एवढेंच. त्या पुरुषाची बुद्धि किती मंदावली, हिशेब करण्यास त्याला किती अधिक वेळ लागूं लागला, हें त्या वैद्यानें मोजलेलें नसतें. मोजण्याचें साधनच त्याच्यापाशीं नव्हतें.

हें साधन कसें व केव्हां निर्माण झालें, आणि निर्माण झाल्यावरहि त्यावर विश्वास किती ठेवावा, हा विषय वरवर पाहतां वैद्यकाचा वाटेल. परंतु त्यांतील वाद सगळा पुराव्याच्या परीक्षेचा आहे, व म्हणून तो या त्रैमासिकाच्या वाचकांस परका वाटूं नये. प्रस्तुत लेखांत इ. स. १८९२ या एकाच सालाशीं निगडित अशीं दोन साधनें वाचकांपुढें ठेवावयाचीं आहेत. एक छापील ग्रंथ. तो त्या सालीं जर्मनींत येना येथें प्रसिद्ध झाला. दुसरें साधन म्हणजे हिंदुस्थानांतील वेड्यांच्या इस्पितळांचीं त्याच सालचीं नोंदपुस्तकें. दोहोंचा प्रश्न एकच : मादक द्रव्य मनावर काय परिणाम करतें? उत्तर शोधण्याच्या वाटा मात्र इतक्या भिन्न कीं, एकीचा दुसरीला पत्ताहि नव्हता.

बुद्धीच्या व्यापाराला वेळ लागतो आणि तो मोजतां येतो, ही कल्पना मुळांत वेधशाळेंतून निघाली. ग्रीनिच येथील राजज्योतिषी मॅस्केलिन यानें आपला मदतनीस किन्नेब्रूक यास इ. स. १७९६ त कामावरून दूर केलें. कारण दुर्बिणींतील तारेवरून नक्षत्र सरकण्याचा क्षण तो मॅस्केलिनपेक्षां सुमारें आठदशांश सेकंद उशिरा टिपूं लागला होता. मदतनिसाची वेध घेण्याची पद्धतच बिघडली, असा मॅस्केलिनचा समज झाला. पुढें क्योनिग्सबर्ग येथील बेसेल यानें ही जुनी नोंद वाचली, इतर ज्योतिष्यांशीं स्वतःचे वेध ताडून पाहिले, आणि कोणत्याहि दोन निरीक्षकांत असा फरक राहतोच हें दाखवून दिलें. जो दोष एकाच्या माथीं मारला गेला तो मनुष्यमात्राचा होता. किन्नेब्रूकची नोकरी मात्र गेली ती गेलीच. वेधशाळेच्या जुन्या कागदांत एक कुरकुरीची नोंद शिल्लक राहिली व तीवरून पुढें एक शास्त्र उभें राहिलें, ही गोष्ट दफ्तरें जपणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिप नामक जर्मन घड्याळजीनें सेकंदाचा हजारावा भाग दाखविणारें यंत्र सिद्ध केलें. त्याची रचना थोडक्यांत अशी. एका लहान पोलादी पट्टीचीं सेकंदास एक हजार आंदोलनें होतात, व त्यांनीं घड्याळाच्या चक्रांची गति नियमित राहते. चक्रें फिरत असलीं तरी कांटे स्थिर असतात. विजेच्या चुंबकानें ते चक्रांत अडकविले म्हणजे चालूं लागतात व सोडविले म्हणजे थांबतात. समोर दिवा चमकला किंवा घंटा वाजली कीं कांटे सुटावे, आणि प्रयोगास बसलेल्या मनुष्यानें बोटाखालची कळ सोडली कीं ते थांबावे, अशी जोडणी केली म्हणजे मधला काळ तबकडीवर वाचतां येतो. विजेचा प्रवाह कमीअधिक झाला तर चुंबक लवकर वा उशिरा सोडतो आणि आंकडा खोटा येतो. म्हणून एक हातोडा ठराविक उंचीवरून पाडून यंत्राचीच परीक्षा पुन्हां पुन्हां घ्यावी लागे. साक्षीदाराला साक्षीपूर्वीं तपासण्याचा हा प्रकार झाला.

इ. स. १८६८ च्या सुमारास युट्रेक्ट येथील डोंडर्स यानें एक पाऊल पुढें टाकलें. खूण दिसतांच हात हलविणें, ही साधी प्रतिक्रिया. दोन खुणांपैकीं कोणती दिसली हें ओळखून त्याप्रमाणें उजवा किंवा डावा हात हलविणें, ही निवडीची प्रतिक्रिया. दुसरीच्या वेळांतून पहिलीचा वेळ वजा केला म्हणजे ओळखण्यास व निवडण्यास लागलेला वेळ उरतो, अशी त्याची युक्ति. ही वजाबाकी सर्वस्वी निर्दोष नाहीं, हें पुढें सिद्ध झालें; तथापि मनाच्या आंत चालणारें काम आंकड्यांत धरण्याचा हा पहिला भक्कम प्रयत्न होय.

मद्य या यंत्रापुढें प्रथम आलें तें इ. स. १८७३ त, व्हिएन्ना येथील एक्सनर याच्या प्रयोगांत. ऱ्हाइनकांठच्या द्राक्षमद्याच्या दोन बाटल्या प्याल्यावर साध्या प्रतिक्रियेचा काळ सेकंदाच्या एकपंचमांशाहून किंचित् कमी होता तो जवळजवळ तीनदशांशावर गेला. आंकडा ठळक खरा. परंतु आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर हा एकाकी लेख आहे. एक मनुष्य, एक बैठक, आणि मात्रा इतकी मोठी कीं यंत्रावांचूनहि कोणीं निदान केलें असतें. इ. स. १८७७ त डीटल व व्हिंट्शगाउ या दोघांनीं मॉर्फीन, कॉफी व मद्य यांवर अधिक पद्धतशीर निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. पण या विषयाला ग्रंथाचें रूप देण्याचें श्रेय एमिल क्रेपेलिन याचें.

क्रेपेलिनचा जन्म इ. स. १८५६ चा, मृत्यु १९२६ चा. मनोविकारांचें वर्गीकरण करणारा म्हणून त्याची मोठी ख्याति आहे. तिचा येथें संबंध नाहीं. तरुणपणीं तो लाइप्झिग येथें व्हुंट याच्या प्रयोगशाळेंत आला. ही प्रयोगशाळा इ. स. १८७९ त स्थापन झाली होती, आणि तींत हिपचें यंत्र रोजच्या वापरांत असे. क्रेपेलिन वेड्यांच्या इस्पितळांतील वैद्य. त्या काळीं तेथें रात्र निभावून नेण्यास झोंपेचीं औषधें सढळ हातानें दिलीं जात. क्लोरल हायड्रेट इ. स. १८६९ पासून प्रचारांत होतें, पॅराल्डिहाइड नुकतेंच १८८२ त आलें होतें. रोगी निजतो हें सर्वांस दिसे. निजण्यापूर्वीं आणि उठल्यावर त्याच्या मनाचें काय होतें, हें कोणासच सांगतां येत नसे. तेव्हां हीं औषधें निरोगी मनुष्यास, बहुतेक वेळां स्वतःसच, मोजून द्यावीं व यंत्र काय सांगतें तें पाहावें, असें त्यानें ठरविलें. पहिला निबंध इ. स. १८८३ त व्हुंटच्या नियतकालिकांत आला. पुढें तो डोर्पाट येथें (हल्लीं एस्तोनियांतील टार्टू) प्राध्यापक झाला, व तेथील कामाची भर घालून हायडेलबर्गला गेल्यावर त्यानें इ. स. १८९२ त मोठा ग्रंथ छापला. साध्या मानसिक व्यापारांवर कांहीं औषधांचा होणारा प्रभाव, असा त्याच्या नांवाचा आशय आहे. औषधांच्या अशा मानसपरीक्षेला त्यानें या ग्रंथांत एक स्वतंत्र नांवहि दिलें. मराठींत त्यास औषधिमानसशास्त्र म्हणतां येईल.

ग्रंथांतील निष्कर्षांपैकीं मद्यार्काचा सर्वांत गाजला. अल्प मात्रा घेतल्यावर थोडा वेळ साधी प्रतिक्रिया जलद होते, नंतर मंदावते. मोठी मात्रा घेतल्यास मंदपणा आरंभापासूनच येतो. परंतु ओळखणें, निवडणें, बेरीज करणें, शब्दावरून शब्द आठवणें, हीं कामें अल्प मात्रेनेंहि जड होतात. निवडीच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. खूण नीट ओळखण्यापूर्वींच हात हलतो, व पुष्कळदां तो भलताच हात असतो. म्हणजे पहिल्या भरांत जी चपलता दिसते ती हाताची. विचार मागेंच पडलेला असतो. शब्दावरून शब्द सुचण्याच्या प्रयोगांत अर्थाच्या संबंधापेक्षां ध्वनीच्या सारखेपणावरून सुचलेले शब्द वाढले, हेंहि त्यानें नमूद केलें. पॅराल्डिहाइडचें वळण पुष्कळसें मद्यार्कासारखें निघालें. मॉर्फीननें ग्रहण कांहींसें सुकर झालें, पण कृतीची उठावणी मंदावली. चहानें ग्रहण व विचार हलके झाले. कडू औषधांच्या या यादींत चहा पाहून आपल्याकडील वाचकास गंमत वाटेल. पण मोजणाराला दोन्ही सारखेच.

या सर्वांत आमच्या मतें महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे. प्रयोगास बसलेल्या मनुष्याला त्या वेळीं आपण चलाख झालों, काम सहज होत आहे, असें वाटत असे, आणि यंत्रावरचा आंकडा त्याच वेळीं उलट साक्ष देत असे. स्वानुभवाची साक्ष व यंत्राची साक्ष अशा समोरासमोर आल्या. आत्मचरित्रें व खासगी पत्रें हीं श्रेष्ठ प्रतीचीं साधनें मानणारांना येथें थोडें अडखळावें लागतें. लिहिणारा प्रामाणिक आहे, प्रत्यक्षदर्शी आहे, घटनेच्या क्षणींच लिहीत आहे, आणि तरीहि स्वतःविषयीं चुकत आहे, असा प्रसंग संभवतो. कारण ज्या इंद्रियानें तो परीक्षा करतो त्यावरच अंमल चढलेला असतो.

क्रेपेलिनच्या शिष्यांपैकीं आशाफेनबुर्ग यानें इ. स. १८९६ त छापलेला प्रयोग या मंडळींच्या विशेष आवडीचा होईल. त्यानें चार जुळारी घेतले. म्हणजे छापखान्यांत खिळे जुळविणारे, धंद्यांत मुरलेले. चार दिवस त्यांजकडून ठराविक वेळ काम करून घेतलें. दुसऱ्या व चौथ्या दिवशीं त्यांस सुमारें पस्तीस ग्रॅम मद्यार्क पोटांत जाईल इतकें द्राक्षमद्य दिलें, पहिल्या व तिसऱ्या दिवशीं दिलें नाहीं. आतां येथें हिशेब कसा करावयाचा? समजा, एका जुळाऱ्यानें पहिल्या दिवशीं दोन हजार खिळे जुळविले, दुसऱ्या दिवशीं मद्य घेऊन दोन हजारच, तिसऱ्या दिवशीं शुद्धीवर बावीसशें. पहिले दोन दिवस ताडून पाहणारा म्हणेल कीं मद्यानें कांहींच बिघडलें नाहीं. परंतु तोच मजकूर, तेंच काम रोज केल्यानें हात बसतो. तिसऱ्या दिवसाची वाढ पाहतां दुसऱ्या दिवशीं निव्वळ सरावानें एकवीसशें व्हावयास हवे होते. ते शंभर खिळे गेले कोठें? हा आंकडा केवळ समजण्यासाठीं घेतला आहे. आशाफेनबुर्गला सरासरी सुमारें नऊ टक्के घट मिळाली, आणि चौघांची घट सारखी नव्हती. माणसें चार, दिवस चार. पुरावा तोकडा आहे, हें कबूल केलें पाहिजे. तथापि एकाआड एक दिवस ठेवण्याची युक्ति तोकडी नाहीं.

पोथ्यांच्या अखेरीस पाठ, कंबर आणि मान मोडल्याची तक्रार करणारा व पोथी जतन करा असें विनविणारा श्लोक आपण शेंकडों वेळां वाचला आहे. प्रस्तुत लेखकानें एकदां एका नकलेंत शाई बदलल्याच्या खुणांवरून लेखकाच्या बैठकी ठरविल्या आणि प्रत्येक बैठकींतील गळलेल्या व दुणावलेल्या ओळी मोजल्या. बैठकीच्या उत्तरार्धांत चुका अधिक निघाल्या. त्यावरून लेखक थकला एवढेंच म्हणतां येतें काय? कीं उजेड कमी झाला, कीं मूळ प्रतीचें तें पान जीर्ण होतें, कीं मध्यंतरीं जेवण झालें? चार कारणें संभवतात, व पोथी त्यांपैकीं एकाचेंहि नांव घेत नाहीं. तो हिशेब मीं तसाच ठेवून दिला. पुढें आशाफेनबुर्गचा निबंध पाहिला तेव्हां माझ्या मोजणींत काय उणें होतें तें कळलें : एकाच लेखकाची, त्याच मजकुराची, दुसऱ्या परिस्थितींतील नक्कल.

क्रेपेलिनच्या निष्कर्षांवर मोठा आक्षेप आला तो त्याच्याच प्रयोगशाळेंत राहून गेलेल्या माणसाकडून. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हें नांव आपल्याकडे निलगिरीवरील तोडा लोकांविषयींच्या १९०६ च्या ग्रंथामुळें परिचित आहे. हाच रिव्हर्स इ. स. १८९३ त हायडेलबर्ग येथें क्रेपेलिनजवळ होता, आणि १९०६ त लंडनच्या वैद्यांच्या राजमंडळापुढें त्यानें मद्यार्क व इतर औषधें यांचा थकव्यावरील प्रभाव या विषयावर व्याख्यानें दिलीं. तीं १९०८ त पुस्तकरूपानें निघालीं. त्याचें म्हणणें असें कीं, प्याला हातीं येतांच मनुष्याला कळतें कीं आज मद्य दिलें आहे. मद्यानें काम वाढतें अशी त्याची समजूत असेल तर काम वाढेल, घटतें अशी असेल तर घटेल. शिवाय बेचव प्रयोगांत एक रुचकर विषय आल्यानें उत्साह वाटतो, तो निराळाच. मग आंकड्यांत द्रव्याचा वांटा किती व अपेक्षेचा किती? यावर रिव्हर्सनें तोड काढली. तीव्र चवीचे अर्क घालून दोन मिश्रणें अशीं बनविलीं कीं, एकांत मद्यार्क आहे व दुसऱ्यांत नाहीं, हें पिणाराला ओळखतां येऊं नये. स्वतः प्रयोगास बसण्यापूर्वीं त्यानें मद्यच नव्हे तर चहा व कॉफीहि दीर्घ काळ वर्ज्य केली होती. बोटानें वजन उचलावयाचें व त्याची रेघ फिरत्या नळकांड्यावर उमटवावयाची, असें तुरीन येथील मोस्सो याचें यंत्र त्यानें वापरलें. अशा बंदोबस्तांत अल्प मात्रेचा, म्हणजे पांच ते वीस घनसेंटिमीटर मद्यार्काचा, स्नायूंच्या कामावर त्याला कांहींच निश्चित परिणाम आढळला नाहीं. पूर्वींच्या प्रयोगकारांस जो उत्कर्ष दिसला होता तो बव्हंशीं अपेक्षेचा ठरला.

येथें पक्षपाताचा प्रश्न उपस्थित होतो. क्रेपेलिन इ. स. १८९५ च्या सुमारास पूर्ण मद्यत्यागी झाला व पुढें मद्यपानाविरुद्ध त्यानें हिरीरीनें लिहिलें. त्यावरून त्याचे आंकडे प्रचारकाचे आंकडे होत, असें म्हणणारे निघाले. कालानुक्रम पाहतां हा आरोप टिकत नाहीं. १८८३ चा निबंध आणि १८९२ चा ग्रंथ हे दोन्ही त्या व्रतापूर्वींचे आहेत. आंकड्यांनीं त्याचें मत बनविलें असें म्हणणें अधिक सयुक्तिक होईल. मात्र १८९५ नंतरच्या लिखाणास तेवढीच सूट देतां येणार नाहीं. रिव्हर्सचा आक्षेप तर दोहोंनाहि लागू पडतो, कारण तो हेतूवर नसून रीतीवर आहे.

यापुढचा इतिहास बराच विस्तृत आहे. त्यांतील दोनतीन टप्पे सांगून मूळ विषयाकडे वळूं. इ. स. १९१५ त अमेरिकेंत डॉज व बेनेडिक्ट यांनीं बॉस्टन येथील प्रयोगशाळेंतून मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्रा तीस व पंचेचाळीस घनसेंटिमीटर. गुडघ्याखालीं ठोकल्यावर पाय उडण्यास लागणारा वेळ सुमारें दहा टक्क्यांनीं वाढला आणि उडण्याचा जोर सुमारें शेंचाळीस टक्क्यांनीं घटला. स्मरण व शब्दयोजना यांवरील परिणाम त्या मानानें थोडा. क्रेपेलिननें सांगितलेली आरंभींची चपलता त्यांना मिळाली नाहीं. सर्वांत उंच मजला आधीं ढांसळतो ही समजूत यानें डळमळली. निदान अल्प मात्रेपुरती ती तशी सरळ नाहीं, हें ठरलें. पहिल्या महायुद्धांत दारूगोळ्याच्या कारखान्यांतील मजुरांच्या मद्यपानामुळें इंग्लंडांत हा प्रश्न सरकारी झाला. मॅक्डुगल यानें एक यंत्र केलें होतें. त्यांत वेडेवांकडे ठिपके असलेली कागदाची पट्टी सरकत असते व मनुष्यानें प्रत्येक ठिपक्यावर पेन्सिल टेंकावयाची असते. तें यंत्र घेऊन मॅक्डुगल व मे स्मिथ यांनीं ताज्या व थकलेल्या अशा दोन्ही अवस्थांत मद्यार्काची आणि इतर कांहीं द्रव्यांची परीक्षा केली; त्यांचा अहवाल १९२० चा.

परंतु या सर्व प्रयोगांत एक उणीव समान होती. मात्रा मोजली जात होती ती पेल्यांत. पोटांत गेल्यावर रक्तांत किती पोंचली, व केव्हां, हें कोणी पाहत नव्हतें. इ. स. १९१९ त मेलनबी यानें कुत्र्यांवरील प्रयोगांत रक्तांतील मद्यार्क वेळोवेळीं मोजला, व त्यास दिसलें कीं रक्तांतील प्रमाण चढत असतांना जितका अंमल दिसतो तितका तेंच प्रमाण उतरतांना दिसत नाहीं. पोट भरलेलें असल्यास चढच मंद होतो. १९२२ त स्वीडनमध्यें लुंड येथील विड्मार्क यानें रक्ताच्या थोड्या थेंबांवरून प्रमाण काढण्याची रीत दिली. तेथून पुढें आंकड्याला आंकडा जोडतां येऊं लागला. आज औषधांच्या परीक्षेंत देणारा व घेणारा दोघांपासूनहि मिश्रण लपवून ठेवतात. रिव्हर्सच्या दोन पेल्यांचीच ती पुढची पायरी.

आतां दुसरें साधन. इ. स. १८९३ त पार्लमेंटांत प्रश्न निघून हिंदुस्थान सरकारनें गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें. मॅक्वर्थ यंग हे अध्यक्ष. सभासदांत मुंबई इलाख्यांतील कलेक्टर ऑमनी, मध्यप्रांतांतील कमिशनर फ्रेझर, कलकत्त्याच्या वैद्यकीय विद्यालयांतील रसायनशास्त्राचे अध्यापक वॉर्डन, आणि तिघे हिंदी गृहस्थ. एकंदर ११९३ साक्षी झाल्या, आणि १८९४ त सात खंडांचा अहवाल झाला. मुंबई इलाखा, सिंध व वऱ्हाड यांतील साक्षी सातव्या खंडांत आहेत. पूर्वीं हे खंड क्वचित् एखाद्या सरकारी ग्रंथालयांत पाहावयास मिळत. आतां स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें त्यांच्या प्रतिमा सर्वांस खुल्या केल्या आहेत, व मराठी मुलखाच्या सामाजिक इतिहासासाठीं त्या वाचण्याजोग्या आहेत.

गांजानें वेड लागतें, हा त्या वेळचा सार्वत्रिक समज. त्याला आधार वेड्यांच्या इस्पितळांच्या आंकड्यांचा. कमिशननें १८९२ हें साल घेतलें. त्या सालीं १३४४ इसम दाखल झाले होते. पैकीं २२२ इसमांच्या नांवापुढें 'कारण' या सदरांत गांजा वा तत्सम पदार्थाची नोंद होती. जवळजवळ सहा इसमांमागें एक. कमिशननें या नोंदी तशाच मोजून मोकळें होण्याचें नाकारलें. प्रत्येक इसमाचें मूळ प्रकरण काढलें, त्याच्या गांवीं चौकशी करविली, नातलगांस व शेजाऱ्यांस विचारलें. तेव्हां 'कारण' हें सदर भरतें कोण, याचा उलगडा झाला. इस्पितळाचा वैद्य तें बहुधा पोलिसाच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या कागदावरून उतरून घेई. पोलिसाला रस्त्यावर भटकणारा एक वेडा सांपडलेला. त्याचें गांव ठाऊक नाहीं, नातलग ठाऊक नाहींत. सदर रिकामें ठेवलें किंवा 'अज्ञात' लिहिलें तर वरून ताशेरा येण्याची भीति. त्यापेक्षां गांजा लिहिणें सोयीचें. इसमानें कधीं तरी चिलीम ओढली असेल तर मग शंकाच उरली नाहीं. पुढें वर्षाच्या अहवालांत या नोंदींची बेरीज झाली, त्या बेरजेवरून वैद्यांचें मत बनलें, आणि त्या मताच्या आधारें पुढल्या पोलिसानें पुन्हां तेंच कारण लिहिलें.

आपल्यापैकीं ज्यांनीं बनावट वंशावळींचा पाठलाग केला आहे त्यांस हें चक्र ओळखीचें वाटेल. पहिली नोंद कोणाची तरी अटकळ. दुसरी तिची नक्कल. तिसऱ्या पिढींत दोन नकला परस्परांस दुजोरा देतात. कमिशननें नकला बाजूस सारून मूळ गांठलें, व २२२ पैकीं ९८ च प्रकरणें कशीबशी उभीं राहिलीं. त्यांतील ६१ त एकटा गांजा हें कारण संभवनीय होतें, ३७ त दुसरेंहि कारण जोडीला होतें. कलकत्त्यास डॉ. कनिंगहॅम यांनीं माकडास दीर्घ काळ गांजाच्या धुराची संवय लावून त्याचा मेंदू तपासला. त्यांतहि विशिष्ट अशी विकृति मिळाली नाहीं. मित सेवनानें मनास अपाय होत नाहीं, अतिसेवनानें आधींचा अस्थिरपणा वाढतो, आणि सरसकट बंदी करूं नये, कर व परवाने यांनीं नियमन करावें, असा अहवालाचा निर्णय. दोन हिंदी सभासदांनीं, राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद यांनीं, भिन्नमतपत्रिका जोडल्या. त्या वाचल्यावांचून बहुमताचा निर्णय उद्धृत करण्याची जी चाल पडली आहे ती बरी नव्हे.

कमिशनच्या या कागदपरीक्षेबद्दल आम्हांस आदर वाटतो, आणि तरीहि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या सात खंडांत गांजा ओढलेल्या एकाहि मनुष्याची प्रतिक्रिया यंत्रावर मोजलेली नाहीं, बेरजा करवून घेतलेल्या नाहींत, शब्दावरून शब्द सुचविलेले नाहींत. खोटी नोंद कशी ओळखावी हें कमिशनला उत्तम कळलें. खरी नोंद कशी निर्माण करावी, हा प्रश्नच त्यापुढें आला नाहीं. मित सेवनानें मनास अपाय नाहीं, हा निर्णय शेवटीं साक्षीदारांच्या मतांवरच उभा आहे. मुंबई इलाख्यांतील मामलेदार, वैद्य, मिशनरी व अबकारी अधिकारी यांनीं स्वतः पाहिलेलें आणि ऐकलेलें एकत्र सांगितलें, व तेंहि छापील प्रश्नांच्या सांच्यांत. उलट येनाच्या ग्रंथांत मोजणी सूक्ष्म, पण मोजलेलीं माणसें मूठभर, सुशिक्षित व निरोगी. रोज सांज पडतां चिलीम ओढून शेतावर जाणाऱ्या किंवा गुत्त्यावरून घरीं परतणाऱ्या मनुष्याविषयीं तो ग्रंथ मौन धरतो. ९८ या आंकड्यालाहि यामुळें मर्यादा पडते. तो गांजानें वेडे झालेल्यांचा आंकडा नव्हे. चौकशीअंतीं ज्यांच्याविषयीं शंका पूर्ण फिटली नाहीं अशांचा तो आंकडा आहे. अलीकडच्या कांहीं लेखांत तो पहिल्या अर्थानें वापरलेला दिसतो, तो दुरुस्त व्हावा.

जुन्या इस्पितळांचीं, तुरुंगांचीं, अबकारी खात्याचीं अथवा संस्थानी वैद्यशाळांचीं मोडी किंवा बाळबोध नोंदपुस्तकें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांस विनंति कीं, त्यांतील 'कारण' या सदराखालील मजकूर शब्द न बदलतां उतरून घ्यावा, रोग्याचें नांव गाळावें, आणि नोंद करणाराचा हुद्दा, हस्ताक्षर एक आहे कीं अनेक, व एकच कारण सलग किती नोंदींत आलें आहे, एवढें अवश्य टिपून पाठवावें.